उतार बघून मुक्काम

जोयड्याला जाऊन आलेली माणसं धनेश पक्षी किती दिसले ते सांगतात, काळी नदीचं पाणी किती गार होतं ते सांगतात. मला तिथले उतार पाठ आहेत. रामनगरात बाजाराच्या मागे एक बरा उतार आहे, पण त्याच्या तळाशी गटार आहे. गुंदला एका घराच्या अंगणातून भाताच्या खळ्याकडे जाणारा उतार फार सुंदर, लांब आणि सरळ. गणेशगुडीत अर्धा तास शोधूनही मनासारखा उतार मिळाला नाही. हे ज्ञान मला आणि माझ्या मामीला चार दिवसांत मिळालं, आणि ते बगळ्यामुळे मिळालं.

बगळा म्हणजे मामाची गाडी. मूळची शाळेची मिनीबस. वीस वर्षांपूर्वी शाळेने ती काढून टाकली तेव्हा मामाने घेतली, बाकं उपटली, आत दोन माणसांचा बिछाना, ओटा, छोटा फ्रीज, पंखा आणि पाण्याची टाकी बसवली आणि बाहेरून पांढरा रंग दिला. एका खिडकीच्या चौकटीवर कुणीतरी कर्कटकाने कोरलेलं 'प्रिया वेडी आहे' अजून वाचता येतं. लहानपणी सुट्टीत बेळगावला गेले की मी त्याच खिडकीशी पुस्तक घेऊन बसायचे. बगळ्यात बसलं की कुणी बोलायला येत नसे.

मामीला बगळा आवडत नाही. घराच्या मागच्या अंगणात जिथे सगळ्यात जास्त ऊन पडतं, तिथे तो उभा असतो. पूर्वी त्या जागी मामीची कपडे वाळत घालायची दोरी होती. "वीस वर्षं झाली, माझे कपडे सावलीत वाळालेत," असं ती पाहुण्यांना सांगते, तेही बगळ्याकडे हात करून, जणू घरातल्या एखाद्या वाया गेलेल्या माणसाची ओळख करून देते आहे.

या हिवाळ्यात मामाच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्याने गाडी चालवणं सोडलं. मदतीला म्हणून मी पुण्याहून गेले होते. माझं काम लॅपटॉपवर होतं, तो बगळ्यातही उघडता येतो. मामीने लगोलग भंगारवाल्याला निरोप दिला. मी आयुष्यात फार कमी वेळा काही मागितलं आहे. त्या दिवशी जेवताना आमटीकडे बघत मी म्हणाले, "मला हवाय बगळा."

दोघंही जेवायची थांबली.

"तुला?" मामी म्हणाली. "तुला रिक्षावाल्याला थांबा म्हणायला जमत नाही."

हे खरं आहे. मी दोन गल्ल्या पुढे उतरून मागे चालत येते.

शेवटी मामाने तोडगा काढला. इराने, म्हणजे मी, बगळा चार दिवस जोयड्याकडे फिरवून आणावा. आपल्या इंजिनवर परत आली तर गाडी इराची. दोरी बांधून ओढत आणावी लागली तर भंगारात. मामी म्हणाली, "मी बरोबर जाणार. हिला गाडी कळते की नाही तेही बघणार. कळत नसेल तर दोरीशिवाय आली तरी नाही."

निघायच्या आधी मी मन लावून तयारी केली. टायर, ऑइल, पाणी बघितलं. आतले पिवळे बल्ब काढून एलईडी बसवले, म्हणजे बॅटरी वाचेल. मामा डोळ्यावर हिरवी पट्टी लावून खुर्चीत बसला होता आणि आवाजावरून सूचना देत होता.

रामनगर

बेळगाव, खानापूर, लोंढा करत आम्ही रामनगरला पोचलो. मामीने पहिल्याच वळणावर जाहीर केलं होतं की काटा चाळीसच्या वर गेला तर ती उतरेल. मला ते सोयीचंच होतं. मला इंजिनाचा चढलेला आवाज आवडत नाही. ते ओरडायला लागायच्या आत मी पुढचा गिअर टाकते. मामा याच्या अगदी उलट. तो बगळा चालवत असला की कोपऱ्यापलीकडच्या लोकांना कळायचं.

रामनगरात चहा आणि मिरची भजी झाली. भज्यांबरोबर चुरमुरे आले, वर कच्चा कांदा. इथे दुकानदार आमच्याशी मराठीत, पलीकडच्या बाकड्याशी कन्नडमध्ये आणि आत बायकोशी कोकणीत बोलत होता, आणि तिन्हीकडे एकच तक्रार करत होता, मिरच्या महागल्याची. आम्ही गाडीत बसलो, मी किल्ली फिरवली आणि आतून फक्त 'टक्' असा आवाज आला. परत फिरवली, परत 'टक्'.

पुण्यात रस्त्यात गाडी बंद पडली तर मागचे हॉर्न वाजवतात, आणि आपण फोनवरच्या बाईला आपला पत्ता तीनदा सांगतो. इथे बाकड्यावरचे चार जण चहा खाली ठेवून आले. एकाने विचारलं, "कुठलं गाव?" बंद पडलेल्या गाडीत बसलेल्या माणसाला आधी गाव विचारतात हे मला नवीन होतं. मामीने खानापूरजवळचं आपलं माहेर सांगितलं. दुसरा म्हणाला, "मग आमच्या थोरल्या वहिनीच्या गावची की तुमी." हे एकदा ठरल्यावर चौघांनी गाडी ढकलायला घेतली. मी दुसरा गिअर टाकून क्लच सोडला, बगळा शिंकला आणि चालू झाला. मी आभार मानायला डोकं बाहेर काढेपर्यंत ते परत आपल्या चहाकडे गेले होते.

"हे दोरीत धरायचं," मामी म्हणाली.

"ही दोरी नाही. हे ढकलणं आहे."

मामीने मामाला फोन लावला. मामाने दोन्ही बाजू ऐकून निकाल दिला, "शाळेची बस आहे ती. तिला ढकललेलं चालतं. मास्तरसुद्धा ढकलायचे."

चहाच्या दुकानाजवळच्याच एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं. माझ्याकडे पुण्याहून आणलेला एक छोटा मीटर होता. बॅटरीच्या दोन टोकांना त्याच्या दोन सुया लावल्या की व्होल्ट दिसतात. गाडी बंद असताना साडेबाराच्या आसपास असावेत, चालू असताना चौदाच्या आसपास गेले म्हणजे अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरणारा डायनामो, बॅटरी भरतोय, एवढं मी वाचलं होतं. मीटर मी पिशवीतच ठेवला. गॅरेजवाल्याच्या समोर आपला मीटर काढणं म्हणजे हॉटेलात आपला डबा उघडण्यासारखं वाटलं. त्याने अ‍ॅक्सिलरेटर खच्चून दाबला, बगळा किंचाळला, त्याच्या मीटरवर चौदाच्या वर आकडा आला. "चार्जिंग हाय की," तो म्हणाला. "बॅटरी म्हातारी झाली असंल." बॅटरी मामाने दिवाळीत नवी घातली होती. हे मी त्याला सांगायला हवं होतं. त्याने तीन तास बॅटरी चार्जरवर लावून दिली आणि आम्ही पुढे निघालो.

निघताना मामीने रस्त्याकडेचा एक चपटा दगड उचलून पायाशी ठेवला. "आता उतारावरच थांबायचं. चाकाला लावायला लागेल," ती म्हणाली. तेव्हापासून तो दगड आमच्या सामानात जमा झाला, आणि दुसरा कुठलाही दगड मामीच्या पसंतीला उतरला नाही.

गुंद

जोयड्यापासून पुढे रस्ता झाडांच्या आत शिरतो. दोन्ही बाजूंच्या झाडांनी वर हात मिळवलेले, आणि वळणं अशी की पुढचं कधीच दिसत नाही. मी पंचवीसच्या वेगाने चालवत होते. मामी खूश होती.

गुंदला गोविंदभाऊंचं घर मामीच्या माहेरच्या कुणीतरी सुचवलेलं. पाहुण्यांसाठी त्यांच्याकडे एक खोली असते. आम्हाला खोली नको, अंगणातला उतार हवा, हे ऐकून ते जरा गोंधळले. त्यांची बायको सावित्री मात्र लगेच म्हणाली, "खळ्याकडं तोंड करून लावा. तिकडं काय धडकायला न्हाई."

जेवायला तांबड्या तांदळाचा भात, कोकमाची कढी आणि उकडलेले कंद होते. जंगलातले आणि परसातले मिळून चार प्रकारचे कंद एका ताटात. एक पिठूळ, एक चिकट, एक गोडसर, आणि एक हाताएवढा, ज्याची चव भाजलेल्या शेंगदाण्यासारखी लागते. सोबत तांबड्या मुंग्यांची चटणी. मी पुण्यात रेस्टॉरंटमध्ये मेनू कार्ड तीनदा वाचून शेवटी नेहमीचंच मागवते. इथे मला कुणी पर्याय दिला नाही. चटणी आंबट आणि झणझणीत होती, आणि मी ती परत मागून घेतली. मामी माझ्याकडे बघत राहिली.

बॅटरी वाचावी म्हणून मी फ्रीज बंद केला होता. त्यात मामीचं विरजण होतं. मामी कुठेही जाताना घरच्या दह्याचं विरजण छोट्या स्टीलच्या डब्यात नेते. परगावच्या दह्यावर तिचा विश्वास नाही. सकाळी डबा उघडला तर वर तांबूस बुरशी. मामीने झाकण परत लावलं.

"सासूबाईंपासूनचं होतं," ती म्हणाली. मला वाटलं, आता भंगारवाल्याला इथूनच फोन जाणार.

मी वही काढली. झोपण्याआधी आणि उठल्यावर मीटर लावला होता. दोन्ही वेळेला आकडा तोच. म्हणजे गाडी उभी असताना वीज कुठे गळत नव्हती. अल्टरनेटरचा पट्टा अंगठ्याने दाबून बघितला, घट्ट होता. बॅटरीची टोकं घासून स्वच्छ केली. बॉडीला जाणारी जाड वायर सोडून परत आवळली. आतल्या पंख्यासाठीची दुसरी बॅटरी सुटी करून टाकली. मग गोविंदभाऊ आणि सावित्री यांनी मागून हात लावला, बगळा खळ्याकडे घरंगळला आणि चालू झाला. चालू गाडीला मीटर लावला. बारा. मी थोडा वेळ थांबले. बारा आणि जरासं कमी.

गळती नव्हती, भरतीच नव्हती. पण रामनगरात तर चौदाच्या वर आकडा मी डोळ्यांनी बघितला होता.

गोविंदभाऊ माझ्या वहीत डोकावून म्हणाले, "ताई, हे माझ्या डोक्याभाईर हाय. गणेशगुडीला शेवंताक्का हाय बगा, मोटारी वायंडिंग करती. आमचा पंप तिनंच जगवलाय. तिच्याकडं न्या. फकस्त एक, ती इचारंल त्ये सगळं सांगायचं. लपवलं तर हात लावत न्हाई."

मला हे शेवटचं वाक्य आवडलं नाही.

गणेशगुडी

शेवंताक्काचं दुकान म्हणजे घराचा पुढचा पडवीचा भाग. दारात तारेवर तांब्याची वेटोळी वार्निश लावून वाळत टाकलेली, लांबून कुरडयांसारखी दिसणारी. अक्का पन्नाशी पार केलेली, साडीवर पुरुषी शर्ट, मांडीवर पंपाची मोटर. तिचे वडील सुपा धरणाच्या कामाला खानापूरकडून इथे आले आणि मोटारी दुरुस्त करत इथेच राहिले. आता नदीकाठच्या लॉजवाल्यांचे पंप आणि जनरेटर तिच्याकडे येतात.

तिच्या दारापाशी जमीन सपाट होती. मी इंजिन चालू ठेवून उतरले.

"बंद कर," अक्का म्हणाली.

"पण मग परत चालू होणार नाही."

"बंद पडलेलीच दुरुस्त करतात. चालणारी कशाला आणलीस?"

मी बंद केली. अक्काने गाडीकडे बघितलंसुद्धा नाही. मला स्टुलावर बसवलं, हातात गुळाचा काळा चहा दिला आणि परत तार गुंडाळायला लागली. "सांग. पयल्यांदा कवा पडली, त्येच्या आदी काय झालं, कोण चालवत हुतं."

"अहो अक्का, मुळात ही गाडीच..." मामीने सुरुवात केली.

"तुमी न्हाई काकू. जी चालवती ती."

"गाडी बघायची नाही का आधी?" मी विचारलं.

"म्हस आटली तर आमी आदी म्हशीला बघत न्हाई. राखणाऱ्याला इचारतो, काल कुठं चारलीस म्हणून. म्हशीला बोलाय येत न्हाई."

मी बोलले. एका अनोळखी माणसाशी इतकं सलग मी नोकरीच्या मुलाखतीतही बोलले नव्हते. रामनगरचं 'टक्', गॅरेजमधले चौदा, गुंदचे बारा. अक्का मान हलवत तार मोजत होती.

"हळू चालवतीस?"

"चाळीस," मामी अभिमानाने म्हणाली.

"आणि गाडीत नवीन काय घातलं? काय बदललं?"

"बॅटरी दिवाळीत. आणि आतले दिवे, मी बदलले, निघायच्या आधी."

"आतले म्हंजे?"

"आतले," मी म्हणाले आणि चहा प्यायले.

अक्काने मोटर खाली ठेवली, शर्टाला हात पुसले आणि चालकाच्या जागेवर जाऊन बसली. किल्ली अर्धी फिरवून तिने समोरच्या काट्यांकडे बघितलं. मग मला हाक मारली. "बॅटरीचा लाल दिवा कुठाय?"

"तो लागत नाही," मी म्हणाले. मला वाटलं ही जमेची बाजू आहे. "प्रवासात एकदाही लागलेला नाही."

"किल्ली फिरवल्यावर लागायला पायजे. गाडी चालू झाली की इझायला पायजे. लागलाच न्हाई तर इझणार काय? ह्यो मेलाय. कुणी मारला?"

"हिच्या मामानं," मामी म्हणाली. "दुसरं कोण? त्यांचा हात सगळीकडं." गणेशगुडीत रेंज होती. मामीने फोन लावून स्पीकरवर टाकला. "अहो, तो लाल दिवा तुम्ही काढलात काय?"

पलीकडून मामा म्हणाला, "कुठला लाल दिवा?"

"बॅटरीचा. त्याच्यामुळं पोरगी दोन गावांत लोकांकडून गाडी ढकलून घेती."

"असेल," मामा म्हणाला. "मागे कधीतरी लावला असेन हात. आता नीट आठवत नाही. इराला म्हणावं, चुकलं माझं."

मामा एका डोळ्याला पट्टी लावून बेळगावात बसून आपला गुन्हा आठवायचा प्रयत्न करत होता. मी गप्प बसले असते तर काहीच बिघडलं नसतं. दिवा बदलला गेला असता, बगळा चालला असता, दोरीशिवाय घरी गेला असता आणि माझा झाला असता. बोलले तर मामीची दुसरी अट आडवी येणार होती. जिने गाडी स्वतःच्या हाताने बिघडवली, तिला गाडी कळते असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

"मामा नाही," मी म्हणाले. "मी."

मामीने फोन खाली केला.

"एलईडीचं पाकीट बाराचं होतं. आत अकरा लागले. एक उरला. तो तसाच ठेवायला मला बरं वाटेना. मग हा लाल दिवा सापडला, त्याच मापाचा. लावला. लागला नाही, पण मला वाटलं, बिघाड नाही म्हणून लागत नाही."

अक्का हसली नाही. तिने स्क्रू काढून माझा बारावा दिवा बाहेर ओढला आणि उजेडात धरला. "उलटा घातलायस. एलईडी उलटा लागत न्हाई. सुलटा घातला असतास तरी पुरला नसता, लई कमी करंट पितोय." मग ती मामीकडे वळली, कारण मी चपलांकडे बघत होते. "काकू, हे बगा. ह्यो डायनामा आपण हून करंट करत न्हाई. आदी बॅटरीतनं जरासा करंट त्येला द्यावा लागतोय, आणि त्यो ह्या लाल दिव्यातनंच जातोय. दूध कितीबी असू दे, विरजण नको काय?"

मामी एकदम पुढे झाली. "आणि रामनगरला लागलं ते?"

"जोरात दाबलं की लागतंय. भांड्याला जुनं दही चिकटून ऱ्हातंय बगा, तेवढ्यावर. ही हळू चालवती, म्हणून लागत न्हाई." अक्काने माझ्याकडे बघितलं. "जरा मोठ्यानं चालव की कवातरी."

तिच्या डब्यात एका ट्रॅक्टरच्या मीटरमधला जुना पिवळा बल्ब होता. तो आमच्या खाचेत बसेना. अक्काने दोन वायरी बाहेर काढून तो डॅशबोर्डच्या खाली लटकवला, गळ्यातल्या ताईतासारखा. त्यावर मामीच्या पर्समधली चॉकलेटची लाल चांदी गुंडाळायची असं मामीनेच सुचवलं. अक्का म्हणाली, "चांदी नको, वायरीला लागंल," आणि लाल जिलेटिन कागदाचा तुकडा शोधून दिला.

बॅटरीत जेमतेम जीव होता. अक्काने आपली बॅटरी जोडली. मी किल्ली अर्धी फिरवली, बल्ब लाल झाला. पूर्ण फिरवली, बगळा चालू झाला आणि बल्ब विझला. या वेळी माझा मीटर मीच पिशवीतून काढला. अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावला नव्हता. आकडा चढत चौदावर जाऊन थांबला.

मामीचा फोन अजून चालूच होता. त्यातून मामाचा आवाज आला, "म्हणजे मी काही केलं नव्हतं ना?"

"नाही," मामी म्हणाली. "ठेवा आता."

मग ती माझ्याकडे वळली. मी वाट बघत होते.

"एक उरलेला बघवला नाही होय तुला?"

"नाही."

"मला पण उरलेलं बघवत नाही," मामी म्हणाली. "म्हणून तर तुझा मामा एवढा जाड झाला."

गाडीचं काय ते ती बोलली नाही. मी विचारलंही नाही. निघताना अक्काने मामीचा रिकामा डबा मागून घेतला, धुतला आणि आपल्या घरच्या दह्याचे दोन चमचे त्यात घातले. मामीने वास घेतला, बोटाने चाखलं आणि झाकण लावलं. परगावच्या दह्याला एवढा मान मिळालेला मी पहिल्यांदा पाहिला. मी फ्रीज चालू केला.

कुळगी

कुळगीच्या जंगल कॅम्पला जायचं आम्ही आधी रद्द केलं होतं, कारण फोनवर चौकशी केल्यावर तिथली पार्किंगची जागा सपाट असल्याचं कळलं होतं. आता गेलो. मामीने सवयीने दगड काढलाच.

सकाळी कॉफीचा कप घेऊन बाहेर बसले तर डोक्यावर कुणीतरी जुना टेबलफॅन लावल्यासारखा आवाज आला. धनेश होता. पंखांचा एवढा आवाज करत तो एका उंच झाडावर उतरला, आणि मग बराच वेळ आपल्या त्या अवजड चोचीने एक छोटंसं फळ नीट धरायची खटपट करत बसला. लोक धनेशाचा रुबाब सांगतात. मला त्याची ती खटपट जास्त आवडली. मामी बिछान्यातूनच 'प्रिया वेडी आहे'च्या खिडकीतून बघत होती.

"ही प्रिया कोण?" तिने वीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

"माहीत नाही."

"चांगली असणार. वेड्या म्हटलेल्या मुली चांगल्या असतात," मामी म्हणाली आणि परत झोपली.

रामनगरवरून बेळगाव

परतीच्या वाटेवर मी दोन ठिकाणी इंजिनाला मुद्दाम आवाज चढवू दिला. काटा पन्नासवर गेला. मामी उतरली नाही.

रामनगरला त्याच चहाच्या दुकानाशी मी सवयीने मागच्या उताराकडे वळत होते. मामी म्हणाली, "इथंच थांबव. समोर."

समोर जमीन ताटासारखी सपाट होती. "इथे?"

"आणि इंजिन बंद कर."

आम्ही मिरची भजी खाल्ली. बाकड्यावर त्या दिवसाच्या चौघांपैकी दोघं होते. एकाने मामीला विचारलं, "ढकलायचं काय, काकू?"

"बघू," मामी म्हणाली. "बसून राहा जरा."

ते बसून राहिले. मी गाडीत चढले. डॅशबोर्डखाली बल्ब लाल झाला. मी किल्ली पूर्ण फिरवली आणि बगळा पहिल्या झटक्यात चालू झाला. बल्ब विझला. बाकड्यावरचा माणूस जरा निराश होऊन म्हणाला, "सुटली की गाडी." मामी आत चढण्याआधी पायाशी ठेवलेला चपटा दगड घेऊन रस्त्याच्या कडेला गेली, जिथून तो उचलला होता ती जागा शोधली, आणि तिथे ठेवून आली.

बेळगावला पोचलो तेव्हा दुपारचं ऊन होतं. मामा काळा चष्मा लावून मागच्या दारात उभा होता. त्याच्या हातात नव्या नायलॉनच्या दोरीचं वेटोळं होतं.

"आणून ठेवली होती," तो म्हणाला. "म्हटलं, लागली तर."

मी बगळा त्याच्या जुन्या जागी, उन्हात उभा केला, बंद केला आणि उतरून उभी राहिले. मामी घरात गेली. प्रवासातले धुवायचे कपडे घेऊन थेट मोरीत. मामा माझ्याकडे बघत होता, मी मोरीच्या दाराकडे. पाण्याचा आवाज बराच वेळ चालला.

मामी पिळलेल्या कपड्यांची बादली घेऊन बाहेर आली. मामाच्या हातातली दोरी तिने घेतली, एक टोक बगळ्याच्या मागच्या शिडीला बांधलं, ताणून दुसरं पेरूच्या झाडाला. गाठ ओढून बघितली. मग त्या भर उन्हात एकेक कपडा झटकून दोरीवर टाकायला लागली. आधी माझा कुर्ता.

"आता इथं उभी राहणारच असेल तर कामाला तरी येऊ दे," ती म्हणाली. चिमटे तोंडात होते, त्यामुळे शब्द जरा दाबून येत होते. "आणि इरा, गाडी घेऊन जायची असेल तेव्हा आदल्या दिवशी सांगत जा. कपडे काढून ठेवायला हवेत."